६१२ ग्रॅमचे राजाभाऊ: पोपटाचं वजन उतरवायचं कसं?

मुलुंडची_माऊ | ३ जून, रात्री १०:५०

मंडळी, हसू नका. आमच्या पोपटाला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय.

राजाभाऊ म्हणजे आफ्रिकन ग्रे, वय वर्षं नऊ. मूळचा दिरांचा. ते दुबईला गेले तेव्हा 'दोन महिने ठेवा' म्हणून आला आणि आता रेशन कार्डावर नाव घालायचं तेवढं बाकी आहे. (कागदपत्रं आहेत, सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर परदेशी पक्षी म्हणून नोंदणी झालेली आहे, तेव्हा तो विषय नको.) गेल्या महिन्यात नखं कापायला नेला तर डॉक्टरांनी काट्यावर ठेवला. ६१२ ग्रॅम. मला वाटलं, छान, अंगाने भरलाय. डॉक्टरांनी माझं बोट त्याच्या छातीवर टेकवलं आणि विचारलं, "मधलं हाड लागतंय?" नाही लागलं. मऊ गादी. "लागायला हवं," म्हणाले. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे वर. याच्या चणीला ५३०-५४० पुरे, म्हणाले. सूर्यफुलाच्या बिया बंद, पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या) चालू, भाज्या द्या, उडवा.

आता घरी काय चाललंय ते ऐका. वाटीत पेलेट घातले की राजाभाऊ एकेक उचलतो, पिंजऱ्याबाहेर टाकतो आणि मान वाकडी करून तो कुठे पडला ते बघतो. वाटी रिकामी झाली की माझ्याकडे बघतो. भाज्यांना तर शिवतसुद्धा नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. सासरे, आप्पा, वय ७८. सकाळी सहाच्या चहात बुडवलेलं अर्धं मारी बिस्किट त्याचं. दहाला दहा-बारा शेंगदाणे. जेवताना तूप लावलेल्या पोळीचा तुकडा, संध्याकाळी फरसाणातली शेव. मी काही बोलले की "मुक्या जिवाला उपाशी मारायचं का?" मुका म्हणे! डब्याचं झाकण उघडल्याचा 'टक्' आवाज तो हुबेहूब काढतो आणि आप्पा खरंच उठून डबा उघडतात. कोणी कोणाला शिकवलंय तेच कळत नाही.

तर प्रश्न दोन. पोपटाला पेलेटवर आणायचं कसं? आणि आप्पांना आवरायचं कसं?

बटाटेवडा_क्र_३ | ३ जून, रात्री ११:०२

राजाभाऊ निदान पथ्य तोंडावर फेकून मारतो. मी डॉक्टरांसमोर मान डोलावतो आणि खाली उतरून वडापाव खातो.

गच्चीवरचा_गजानन | ३ जून, रात्री ११:१५

पोपटाचा डाएट चार्ट! आता डोळे मिटायला मोकळे. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शिवडीकर_काका | ४ जून, सकाळी ७:२०

माऊताई, राग मानू नका, पण ही सगळी आजकालची थेरं आहेत. १९६८ साली आमच्या चाळीत समोरच्या बिऱ्हाडात राघू होता. गॅलरीत टांगलेला पिंजरा, सकाळी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दुपारी हिरवी मिरची, मोसम असला की पेरूची फोड. गिरणीचा भोंगा झाला की तो "अहो, डबा!" म्हणून ओरडायचा. वीस वर्षं जगला. त्याचं वजन कोणी केलं? चाळीत काटा फक्त रद्दीवाल्याकडे, आणि तोही मारलेला. पेलेट म्हणजे कंपन्यांचा धंदा आहे. किलोचा भाव ऐकलात तर तुमचंच वजन उतरेल.

किलबिल_कांदिवली | ४ जून, सकाळी ९:०५

काका, तुमच्या राघूच्या ताटात सूर्यफूल, बिस्किट, शेव यातलं काही होतं का? नव्हतं ना? म्हणजे राजाभाऊपेक्षा त्याचं पथ्य चांगलंच होतं. :) मिरचीचं तर आमच्याकडेही अगदी रोजचं आहे. तिखटाची आग पक्ष्यांना जाणवतच नाही, आणि मिरचीत अ जीवनसत्त्व भरपूर. जुन्या लोकांनी ते बरोबर हेरलं होतं.

मात्र एक सांगायला हवं, कारण धागा वाचून कोणी हिरवा पोपट आणायला निघेल. आपला कंठवाला पोपट आणि पहाडी पोपट, दोन्ही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. २०२२च्या दुरुस्तीनंतर तर ते अनुसूची २ मध्ये आहेत. घरात पाळणं गुन्हा आहे. चाळीतल्या आठवणी गोड आहेत, पण तो राघू कुठल्यातरी झाडाच्या ढोलीतून काढून आणलेला होता.

शिवडीकर_काका | ४ जून, सकाळी ९:४०

कायदा मान्य. आठवणीवर तरी अजून बंदी नाही ना?

नाव_नको | ४ जून, दुपारी १:१२

मुद्दाम नवा आयडी घेऊन लिहितेय. आईकडे मिठू आहे, कंठवाला, बारा वर्षं झाली. पिल्लू असताना वादळात खाली पडलेला मिळाला होता. आता हे वाचून पोटात गोळा आला. खिडकी उघडून सोडून द्यावा का?

पंख_आणि_सुई | ४ जून, दुपारी २:३०

नका! बारा वर्षं वाटीत खाल्लेला पक्षी बाहेर दोन दिवस टिकत नाही. आधी कावळे घेरतात, मग मांजर. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे फोन करून काय करायचं ते विचारा. सांभाळकेंद्रात तज्ज्ञ बघतात की तो उडू शकतो का, स्वतःचं अन्न शोधू शकतो का.

आता माऊताईंचा प्रश्न. मी पशुवैद्यक आहे, पण इथे लिहिलेलं म्हणजे तपासणी नव्हे. तुमच्या डॉक्टरांनी पक्षी हातात घेऊन पाहिलाय, शेवटचा शब्द त्यांचा.

सूर्यफुलाच्या बीच्या गरात निम्मं तेलच असतं, शेंगदाण्यातही जवळपास तेवढंच. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ शून्य, कॅल्शियम नावापुरतं. ग्रे पोपटांना नेमकं कॅल्शियमच कमी पडतं आणि फार कमी पडलं तर झटके येतात. म्हणजे असा पक्षी एकाच वेळी लठ्ठही असतो आणि कुपोषितही. बाजारात 'पॅरट मिक्स' मिळतं, त्यातलं मिक्स माणसाला दिसतं. पोपट आधी सूर्यफूल वेचतो, मग करडई, आणि उरलेली कांगणी-बाजरी तुमच्या लादीवर.

जंगलातले ग्रे तेलमाडाची फळं खातात, तीही तेलकटच. पण त्यासाठी रोज मैलोन्मैल उडतात. राजाभाऊचा प्रवास दांडीपासून वाटीपर्यंत. जास्तीची चरबी आधी यकृतात साठते, मग रक्तवाहिन्यांत. पंख दोन मिनिटं फडफडवून चोच उघडी टाकून धापा टाकतोय का, चोच भराभर वाढतेय का, याकडे लक्ष ठेवा. चोच वेडीवाकडी वाढली की लोक म्हणतात कापून द्या. ती बऱ्याचदा यकृताची तक्रार असते.

आणि सगळ्यात मोठं: उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही. 'भूक लागली की खाईल झक मारत' हे पोपटाला लागू होत नाही. पेलेट हे अन्न आहे हेच त्याला माहीत नसतं. तो खेळणी समजून फेकतो आणि भरल्या वाटीसमोर उपाशी राहतो.

मेथीची_जुडी | ४ जून, दुपारी ३:१०

वरच्या शेवटच्या वाक्याला +१००. माझी चूक सांगते.

चिंगी, कॉकटेल (म्हणजे कॉकटील, तुऱ्याचा छोटा पोपट), तेव्हा १२६ ग्रॅम. (कॉकटेल साधारण ८० ते ११०मध्ये बरा.) कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं आणि सोमवारपासून बिया पूर्ण बंद, वाटीत फक्त पेलेट. वाटीत खडखड आवाज यायचा, खाली चुरा पडलेला दिसायचा, मला वाटलं खातेय. चौथ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली. खालच्या कागदावर एरवी सकाळपर्यंत तीस-चाळीस शी दिसायच्या, त्या दिवशी सहा, त्याही काळपट हिरव्या आणि चिमूटभर. काट्यावर ११२. चार दिवसांत चौदा ग्रॅम! तिच्या अंगाचा नववा हिस्सा. डॉक्टरांनी नळीने भरवलं, दोन रात्री तिथेच ठेवली.

तो चुरा म्हणजे तिने फोडून खाली टाकलेले पेलेट होते.

त्यानंतर जे केलं ते उपयोगी पडलं. पहिला आठवडा बिया तेवढ्याच, वर चमचाभर पेलेटचा चुरा. तोही उकडलेल्या रताळ्यात कालवून. मग दर पाच-सहा दिवसांनी बिया थोड्या कमी, आणि रोज सकाळी वजन. दोन ग्रॅम उतरले तर चालतं, पाच उतरले तर पाऊल मागे. पूर्ण बदल व्हायला अकरा आठवडे लागले. आज चिंगी १०३.

मुलुंडची_माऊ | ४ जून, रात्री ९:३०

बाप रे. मी उद्यापासून बिया बंदच करणार होते. तुझी चिंगी आमच्या राजाभाऊला वाचवून गेली.

वजन रोज करायचं म्हणजे कसं? तो काट्यावर उभा राहतो थोडाच!

किलबिल_कांदिवली | ४ जून, रात्री १०:१५

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर लाकडी दांडीचा छोटा स्टँड ठेवायचा, शून्य करायचं, पक्षी दांडीवर. वेळ ठरलेली: सकाळची पहिली मोठी शी झाली की, खाण्याआधी. रात्रभर साठलेली ती शीच ग्रे पोपटाची बरेच ग्रॅम भरते, त्यामुळे एक दिवस आधी आणि एक दिवस नंतर असं केलंत तर आकड्यांची नुसती भेळ होईल. आणि पंखा बंद करा! माझा काटा दोन महिने उगाच तीन ग्रॅम वर-खाली नाचत होता, वर पंखा पाचवर.

पहिले आठ दिवस काटा नुसताच जमिनीवर पडू द्या, त्याला सवय होऊ दे. मग दांडीवर चढला की एक डाळिंबाचा दाणा. आमचा कोनूर पोपट आता काटा काढला की स्वतः चालत येतो.

कोपऱ्यातला_कावळा | ४ जून, रात्री ११:४८

म्हणजे वजन कमी करायला काट्यावर चढ, आणि चढलास की खाऊ. जिम अशी असती तर मी वर्षाची फी वाया घालवली नसती.

गणित_पक्कं | ५ जून, सकाळी ८:५५

आप्पांना पटवायचं असेल तर हिशेब दाखवा. राजाभाऊ ६०० ग्रॅम, आप्पा समजा ६० किलो. शंभर पट. दहा शेंगदाणे म्हणजे पाच ग्रॅम, गुणिले शंभर, अर्धा किलो. आप्पा सकाळी दहाला बसून अर्धा किलो शेंगदाणे खातील का?

निवृत्त_मास्तर | ५ जून, सकाळी १०:२०

नाव पक्कं असलं तरी गणित कच्चं आहे. लहान प्राणी अंगाच्या मानाने जास्त ऊर्जा जाळतो. ऊर्जा वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही, साधारण तीन-चतुर्थांश घाताने वाढते. शंभराचा तेवढा घात ३१.६. म्हणजे पाच ग्रॅमचे १५८ होतात.

गणित_पक्कं | ५ जून, सकाळी १०:३१

बरं, दीडशे ग्रॅम. शिवाय नाश्ता, तूप-पोळी आणि शेव वेगळी. मुद्दा उभा आहे, मी बसतो.

शिवडीकर_काका | ५ जून, सकाळी ११:००

मास्तर आले की धागा शाळेत जातो.

पाऊसवेडी | ५ जून, दुपारी ४:२६

अवांतर: चहा-बिस्किटातला चहा पण बंद करा. कॅफीन पक्ष्यांना बाधतं. चॉकलेट आणि अ‍ॅव्होकाडो तर विषच. कांदा-लसूणही नको, म्हणजे शेवही गेली. मीठ वेगळंच.

भाज्यांसाठी माझी युक्ती: वाटीत देऊ नका. आमच्या ग्रेने वाटीतला लाल भोपळा वर्षभर पाहिला नाही. एक दिवस मी भाजी चिरत होते, विळीच्या बाजूला पडलेली फोड पळवून नेली आणि दाराच्या वर बसून खाल्ली. तेव्हापासून त्याच्यासमोर 'चोरण्यासारखं' ठेवते. गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला, भेंडी, कार्ल्याच्या बिया, मोड आलेले मूग. मेथी-कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्याला टांगली की आधी तीत आंघोळ करतो, मग खातो. चोचीचे चोचले पुरवायचेच तर असे पुरवा.

फक्त मोड मुंबईच्या दमट हवेत दोन तासांच्या वर ठेवू नका. पावसाळ्यात शेंगदाणे आणि मक्यालाही बुरशी धरते, डोळ्यांना दिसायच्या आधी.

खाऊगल्ली_खार | ५ जून, संध्याकाळी ६:०३

लाल भोपळ्याच्या बिया फेकू नका. नॉनस्टिकवर कोरड्या भाजून एक-दोन दिल्या तर बक्षीस म्हणून मस्त.

पंख_आणि_सुई | ५ जून, संध्याकाळी ६:१०

नॉनस्टिकवर नको, कृपया! तवा जास्त तापला की त्या थरातून जो धूर निघतो त्याचा वासही माणसाला येत नाही, पण पक्षी काही मिनिटांत जातो. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी नसावाच. लोखंडी तवा वापरा.

खाऊगल्ली_खार | ५ जून, संध्याकाळी ६:१४

प्रतिसाद मागे घेतो. हे खरंच माहीत नव्हतं. शेजारच्यांकडे लव्हबर्ड आहेत, आत्ताच जाऊन सांगतो.

दोन_खोल्या_पंधरा_झाडं | ६ जून, सकाळी ११:४५

खाण्यावर सगळे बोलले, वेळेवर कोणीच नाही. जंगलात पोपटाचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. घरी भरलेली वाटी समोर. दहा मिनिटांत जेवण उरकलं, मग उरलेला दिवस काय करायचं? खायचं, नाहीतर स्वतःची पिसं उपटायची.

मी वाटी जवळजवळ काढूनच टाकली आहे. मक्याच्या कणसाच्या सालीत दोन पेलेट गुंडाळून गाठ मारते. नारळाच्या करवंटीत कागदाचे बोळे, एकाच बोळ्यात बदामाचा तुकडा. पुठ्ठ्याच्या नळीची दोन्ही टोकं दुमडून आत गाजराचा कीस. (पिना आणि चिकटपट्टी अजिबात नको.) पहिल्या दिवशी ढम्म बघत बसेल. त्याच्यासमोर तुम्ही सोडून दाखवा, तुम्ही खाण्याचं नाटक करा. आमच्याकडे नाटक करता करता मी एक पेलेट खाल्लासुद्धा. भुसा लागतो.

कोपऱ्यातला_कावळा | ६ जून, दुपारी १२:०१

पोपटासाठी पेलेट खाल्ला! ह्याला म्हणतात पोपट होणं.

विरारफास्ट | ६ जून, रात्री ८:४०

उडवा म्हणतात, पण कुठे? आमचा हॉल दहा बाय बारा, त्यात सोफा, टीव्ही, कपड्यांचा स्टँड आणि वर पंखा. गेल्या वर्षी ओळखीच्यांचा लव्हबर्ड पंख्यात गेला. त्या भीतीने आम्ही पंख कापून घेतले. आता त्याचंही पोट सुटलंय.

किलबिल_कांदिवली | ६ जून, रात्री ९:१२

कापलेली पिसं पुढच्या पिसगळतीत परत येतात, घाबरू नका. रोजची दहा मिनिटं ठरवा. पंख्याचं बटण बंद आणि वर कागद चिकटवा (आमच्या मुलाने दोनदा सवयीने लावला होता). खिडक्यांना जाळी, आरशावर टॉवेल. मग सोफ्याच्या पाठीवरून टेबलाकडे, टेबलावरून हातावर, दरवेळी हाक मारून. दहा बाय बारामध्येही वीस फेऱ्या होतात. लठ्ठ पक्षी असेल तर पहिल्या दिवशी दोन-तीनच. धाप लागली की थांबायचं.

आणि सकाळचं कोवळं ऊन पिंजऱ्यासकट गॅलरीत. काचेतून आलेलं नाही, काच नेमके कामाचे किरण अडवते. निम्मी बाजू सावलीत ठेवायची आणि शेजारी माणूस बसायचं, घारी असतात.

गच्चीवरचा_गजानन | ६ जून, रात्री १०:३०

पॉपकॉर्न संपले. आता खरंच वाचतोय. आप्पांच्या प्रश्नाला कोणी हात घातला का?

आजोबांची_लाडकी | ७ जून, सकाळी ७:५०

मी घालते. आप्पांना आवरू नका. दिवसभर तुम्ही सगळे कामावर, घरी आलात की सुना-मुलांचे फोन चालू, आणि एकटा राजाभाऊ त्यांना हाका मारतो. खाऊ देणं हेच त्यांचं बोलणं आहे. ते काढून घेतलंत तर लपवून देतील. माझ्या आजोबांनी कुत्र्याला मधुमेह असताना उशीखाली बिस्किटं ठेवली होती. देऊ दे त्यांनाच, फक्त डब्यात काय असेल ते तुम्ही ठरवा. आणि वजन त्यांना करू दे.

मुलुंडची_माऊ | १९ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. आजोबांची_लाडकी, तुला आमच्याकडे जेवायला बोलावते.

आप्पा बेस्टमधून निवृत्त, आयुष्यभर डेपोत हिशेब बघितलेला माणूस. त्यांच्यापुढे काटा आणि जुनी लाल पुठ्ठ्याची वही ठेवली, "आप्पा, मला घाईत जमत नाही, तुम्ही बघता का?" एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी वहीत रकाने आखलेले: तारीख, वेळ, मागील वजन, आजचं वजन, वाढ/घट, शेरा. घट असेल तर निळी शाई, वाढ असेल तर लाल. डॉक्टरांच्या काट्यात आणि आमच्या काट्यात दोन ग्रॅमचा फरक आहे, त्याचीही नोंद.

तोच जुना शेंगदाण्यांचा डबा. त्यात आता पेलेट, गाजराचे तुकडे आणि मोजून दोन शेंगदाणे. टक् आवाज झाला की आप्पा डबा उघडतात, तो फेकतो, आप्पा उचलून परत देतात. चाळिसाव्यांदा फेकायचा कंटाळा आला असावा, परवा एक चावला. शेरा: "१ नग ग्रहण केला."

आज ६०६.

निवृत्त_मास्तर | २० जून, सकाळी ९:००

आप्पांना माझा नमस्कार सांगा. एका ओळीत एवढा नेमका शेरा आम्ही प्रगतिपुस्तकात कधी लिहिला नाही.

सुकट_बोंबील | २८ जुलै, दुपारी २:१५

उलटा प्रश्न विचारू का? आमची बजरी (बजरीगर, तो चिमुकला पोपट) बारीकच होतेय. दिसायला गोल दिसते पण हाताला छातीचं हाड सुरीसारखं लागतं. खाते भरपूर. पावसामुळे असेल का?

पंख_आणि_सुई | २८ जुलै, दुपारी ३:०२

पावसामुळे नाही. गोल दिसतेय कारण पिसं फुगवून बसतेय. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, खाल्ल्यासारखं करतात, बिया सोलून टाकतात. हाड सुरीसारखं म्हणजे वजन बरंच उतरलेलं आहे. धाग्यावर थांबू नका, आज-उद्या दाखवा. जवळ पक्ष्यांचा डॉक्टर नसेल तर परळच्या बैलघोड्यात, म्हणजे तिथल्या जनावरांच्या इस्पितळात, न्या. ताजी विष्ठा खालच्या कागदासकट घेऊन जा.

सुकट_बोंबील | ३० जुलै, रात्री ८:२०

नेलं. ३५ ग्रॅमची असायला हवी ती २६ भरली. पोटात संसर्ग, औषध चालू. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर कठीण होतं. काटा घेतलाय.

मुलुंडची_माऊ | २ ऑगस्ट, रात्री ९:४४

बोंबीलताई, लवकर बरी होवो.

आमच्याकडे ५८१. पेलेट निम्म्यावर आलेत. भोपळा चोरून खातो, कार्ल्याच्या बिया सरळ मागून. उडणं अजून आनंदीआनंद: सोफ्यावरून टेबलापर्यंत जातो आणि परत येताना खाली उतरून चालत येतो.

शिवडीकर_काका | ३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मीही उतारवयात तेच करतो. जाताना चालत, येताना रिक्षा.

मुलुंडची_माऊ | २१ सप्टेंबर, रात्री १०:२०

कबुलीजबाब. गणपतीत घरी रोज दहा-पंधरा माणसं. सगळ्यांना राजाभाऊचं कौतुक, प्रत्येकाने "एवढंसं" दिलं. मोदकाचं सारण, पंचखाद्य, काजूकतली. मी स्वयंपाकघरात. पाच दिवसांत नऊ ग्रॅम वाढ. आप्पांनी लाल शाईत लिहिलंय, "वाढ ९. कारण: पाहुणे." मी म्हटलं, आप्पा, सारण तुम्हीही देत होतात, मी पाहिलं. चष्मा काढून पुसत बसले. संध्याकाळी वही उघडली तर 'पाहुणे'पुढे स्वल्पविराम देऊन 'व इतर' लिहिलं होतं.

आता परत ५५७वर आहोत.

कोपऱ्यातला_कावळा | २१ सप्टेंबर, रात्री १०:२४

'व इतर'! या एका धाग्यासाठी मी नेटचं बिल भरतो.

नाव_नको | २३ सप्टेंबर, सकाळी १०:१०

मीही कळवते. १९२६वर फोन केला होता. नीट बोलले, कोणी रागावलं नाही. मिठूला केंद्रात दिला. आई आठवडाभर जेवली नाही धड. तिथल्या माणसाने सांगितलं, याचंही वजन जास्त आहे, आधी ते उतरवून उडायला शिकवावं लागेल, मग बघू. आई म्हणाली, "बारा वर्षं मी त्याला रोज साजूक तुपातला शिरा दिला हो." त्यावर काय बोलणार.

शिवडीकर_काका | २३ सप्टेंबर, सकाळी ११:३५

आईंना सांगा, आमच्या चाळीतल्या काकूंनीही तेच केलं असतं.

मुलुंडची_माऊ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. आप्पा वही घेऊन स्वतः आले, रिक्षात मांडीवर पिंजरा. ५४६. यकृताचे आकडे जवळजवळ जागेवर. डॉक्टरांनी परत माझं बोट छातीवर ठेवलं. या वेळी हाड लागलं, दोन्ही बाजूंनी मांस आणि मध्ये बारीक कड. "इथेच ठेवा, आणखी खाली नको. आणि काटा बंद करू नका, आठवड्यातून दोनदा तरी," म्हणाले. आप्पा म्हणाले, "रोजच होईल."

बजरीप्रेमी_बोरिवली | ३० ऑक्टोबर, दुपारी १२:४०

नमस्कार, नवीन आहे. धागा फार लांब आहे म्हणून वाचला नाही. माझी बजरी जाड झालीय का ते कसं ओळखायचं? आणि काकडी चालते का?

मेथीची_जुडी | ३० ऑक्टोबर, दुपारी १:०५

काकडी चालते, नुसती पाणीच असते, तेवढ्यावर ठेवू नका. वजन किती आहे?

बजरीप्रेमी_बोरिवली | ३० ऑक्टोबर, दुपारी १:०७

कधी केलं नाही.

मुलुंडची_माऊ | ३० ऑक्टोबर, दुपारी १:३०

थांबा, आप्पांना विचारते आमचा काटा कुठल्या दुकानातून आणला. पावती त्यांनी वहीत चिकटवलीय.